चार बोटं खाली

खोली भाड्याने घ्यायला गेलेलो तेव्हा सरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?"

मला वाटलं सामानाचं विचारतायत. म्हटलं, एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि चार भांडी.

"तुमचं हो. तुमचं स्वतःचं."

"असेन छप्पन किलो."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग मला खालून वरपर्यंत निरखलं आणि म्हणाले, "उंच आहात, पण हलके आहात. चालेल. ट्रंक मात्र खाली आमच्या पडवीत ठेवायची. वर न्यायची नाही."

"का हो?"

"घराचा गुरुत्वमध्य वर सरकतो."

आता माणसाने तिथल्या तिथे चपला घालाव्यात की नाही? पण ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत एकट्या पुरुषाला कोण खोली देतंय. मी ठाण्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो, गाव कोकणात, लग्न व्हायचं होतं. मुकाट्याने ट्रंक पडवीत ठेवली आणि वर राहायला गेलो. खाली दोन खोल्यांत सर आणि काकू, वर एका खोलीत मी. सर शाळेत भूमिती शिकवायचे.

माझ्या आधीचा भाडेकरू तीन महिन्यांत पळालेला. तो का पळाला हे मला पाण्याच्या ड्रमवरून कळलं. डोंबिवलीत पाणी यायचं तेव्हा यायचं, म्हणून आल्या दिवशी मी ड्रम भरून ठेवला. संध्याकाळी कामावरून येतो तर ड्रम खाली अंगणात. सर पायरीवर बसलेले. म्हणाले, "दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. तुमच्यासारखे साडेतीन भाडेकरू मी वर ठेवू?" त्या दिवसापासून मी रोज कळशीने लागेल तेवढंच पाणी वर न्यायचो, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीला एक अशा शिव्या घालत न्यायचो.

सरांचं म्हणणं एकच होतं. जो वर आहे तो पडणार, आणि जो खाली आहे त्याला पडायला जागाच नाही. हे ते दुधवाल्यालाही सांगायचे. त्यांच्या शबनम पिशवीचा पट्टा इतका लांब होता की चालताना पिशवी घोट्यावर आपटायची. दहीहंडीला आम्ही एकदा ठाण्याला टेंभी नाक्यावर गेलेलो. थर वर चढायला लागले तसे सरांनी डोळे मिटून घेतले. हंडी फुटल्यावर सगळी गर्दी वरच्या पोराकडे बघून ओरडत होती आणि आमचे सर सगळ्यात खालच्या थरातल्या जाड्या माणसांना टाळ्या वाजवत होते.

"लहानपणी माळ्यावरून पडलेले," काकू म्हणायच्या. मग थोडं थांबून, "डोक्यावर."

काकू बुटक्या, गोलमटोल आणि तोंडाने फटकळ. त्यांच्या लग्नात माहेरून चार शिसवी खुर्च्या, एक टेबल आणि पलंग आलेला. सरांनी एका मे महिन्याच्या सुट्टीत करवत घेऊन सगळ्यांचे पाय कापले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी "बसा" म्हणाले म्हणून मी बसायला गेलो, आणि खुर्ची होती, पण जिथे असायला हवी तिथे नव्हती. वीतभर खाली जाऊन टेकलो. काकूंनी आतून विचारलं, "पडला का रे?" त्यांना तो आवाज पाठ झालेला.

त्या स्वतः खुर्चीत बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. स्वयंपाकघरात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातलेला असायचा, त्यावर बसायच्या. मला वाटायचं, सवय असेल.

एकदा मी विचारलं, "काकू, ते कापलेले पाय कुठे गेले?"

"बंबात घातले. अंघोळ केली त्यांच्या नावाने."

तर अशा घराच्या अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. साधीसुधी नव्हे. लाल रंगाची, दोनच सीटांची, लांब नाकाची, टपाच्या जागी फाटकं कापड. सरांचे मामा मुंबईत एका गिरणीमालकाकडे ड्रायव्हर होते. मालक कायमचे विलायतेला गेले तेव्हा जाता जाता मामांना गाडी बक्षीस देऊन गेले. मामा सहा फुटी, त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे, म्हणून ती भाच्याकडे आली. गाडी कुठल्या कंपनीची हे मला विचारू नका. नाकावरचा बिल्ला कधीच चोरीला गेलेला आणि सरांनी तिथे शाळेच्या स्काउटचा बिल्ला लावलेला. रविवारी सर ताडपत्री काढायचे, इंजिन दहा मिनिटं चालवायचे, गाडीभोवती एक चक्कर मारून "उत्तम" म्हणायचे आणि परत झाकून ठेवायचे. अशी ती पंधरा वर्षं उभी होती. तिच्याखाली गल्लीतली एक पिवळी मांजर झोपायची, तेवढाच तिचा उपयोग.

काकूंचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना गाडी लागायची. बसमध्ये चढल्या की मानपाड्याच्या आत उलटी. रिक्षातही तेच. आणि लोकलने जावं तर स्टेशनच्या पुलाला गुडघे नको म्हणायचे. त्यांचं माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतलं. लहानपणी नवरात्रात दहाच्या दहा दिवस देवीसमोर बसून असायच्या. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या आणि डोंबिवलीतच राहिल्या. दर नवरात्रात त्या दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत, भांडी मात्र जोरात आपटायच्या.

त्या वर्षी मात्र घट बसायच्या महिनाभर आधीच त्यांनी तोंड उघडलं. मी जेवायला बसलेलो. मी तिथेच जेवायचो, हे सांगायचं राहिलं. काकू वाढता वाढता सरांना म्हणाल्या, "पंधरा वर्षं ती लाल भवानी माझ्या अंगणात बसलीय. मला एकदा तरी कुठे नेलंत का तिच्यातून?"

"अगं, तुला गाडी लागते."

"ते तुम्ही बघा. ह्या नवरात्रात मला देवीला न्यायचं. ह्याच गाडीने. एकदा बसले की मध्ये कुठे उतरणार नाही, धक्काबिक्का मारायला तर मुळीच नाही. आणि मला उलटी होता कामा नये. जमलं तर गाडी राहू दे तुमची. नाही जमलं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन उचलेल. मी त्याला सांगून ठेवलंय."

सरांच्या हातातला घास तसाच राहिला. मी आमटी मागितली नाही. ती वेळ आमटी मागायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर शाळेतून आले ते वही नाचवत. म्हणाले, "सापडलं. बस उंच, म्हणून डोलते. डोलते म्हणून पोटात ढवळतं. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आणला की डोलणं बंद, उलटी बंद. साठ मिलिमीटर. गाडी साठ मिलिमीटर खाली बसवायची."

त्यांनी मला फळ्यावर काढून दाखवलं. त्या गाडीच्या प्रत्येक चाकावर एक उभी लोखंडी नळी असते, तिला स्प्रिंग गुंडाळलेली. गॅरेजवाले तिला सरसकट शॉकप म्हणतात, सर स्ट्रट म्हणायचे. गाडीचं सगळं वजन या चार नळ्यांवर. नळ्या कापून आखूड करायच्या, पुन्हा वेल्डिंग करायचं, परत जागच्या जागी लावायच्या. गाडी तेवढी खाली. खुर्च्यांचं केलं तेच, फक्त इथे पाय परत जोडायचे होते.

गल्लीत ते सगळ्यांना सांगत सुटले, "गाडी बसवतोय." समोरच्या आजींनी विचारलं, "घटांबरोबरच बसवणार का? भटजी कोण?"

एमआयडीसीत लेथ चालवणारे एक म्हातारे होते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, तरुणपणी होडीवर होते म्हणून सगळे त्यांना तांडेल म्हणायचे. हात असे की लोखंडाने घाबरावं. पुण्याच्या इंजिनिअरला जमणार नाही ते तांडेलला जमायचं, फक्त त्याला मिलिमीटर आवडायचे नाहीत. चार नळ्या घेऊन आम्ही गेलो. सरांनी घडी केलेला कागद उघडला.

"मास्तर, ता मिलीमीटर-बिलीमीटर नको," तांडेल म्हणाला. "बोटां सांगा."

आता हे सर म्हणजे कोण? तर उत्तराला एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचा अर्धा गुण कापणारे. बावीस वर्षांत हजारो अर्धे गुण कापले असतील त्यांनी. त्यांनी आपली चार बोटं जुळवून पट्टीवर ठेवली. बरोबर साठ मिलिमीटर भरली. सरांची बोटं म्हणजे खडूच. खूश होऊन म्हणाले, "चार बोटं."

"चार बोटां," तांडेल म्हणाला, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

नळ्या बसवून गाडी जॅकवरून खाली सोडली त्या दिवशी अंगणात मी, सर आणि पिवळी मांजर. गाडी खाली आली. आणखी खाली आली. मग आणखी थोडी खाली येऊन थांबली. मांजर रोजच्यासारखी खाली शिरायला गेली, तिचं डोकं गेलं, बाकी मांजर बाहेर राहिली. ती मागे सरकली आणि तिने सरांकडे जे बघितलं, तसं माझ्याकडे आजवर कुणी मालकानेही बघितलेलं नाही.

सर पट्टी घेऊन पालथे झोपले. त्यांची साडेसहा बोटं भरली.

तसेच तांडेलकडे गेलो. तांडेलने आपला पंजा समोर धरला. एकेक बोट केळ्याएवढं. "मास्तर, चार बोटां बोललाव, चार बोटां कापली. ही माजी बोटां हाईत, उसनी नाय आनली."

सरांनी त्या पंजावर पट्टी धरून बघितली. मग म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. एकक चुकलं. अर्धा गुण गेला."

तांडेलला काही कळलं नाही. तो म्हणाला, परत जोडून देतो, पण आता देव बसले, दसऱ्यापर्यंत मशीन बंद. आणि दसऱ्यानंतर काय उपयोग?

"जितकं खाली तितकं चांगलंच," सर परतताना म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि त्यांनाही. ती म्हणजे गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक.

हा गतिरोधक सरांचाच. रिक्षा सुसाट जातात म्हणून दोन वर्षं ते मंडळाच्या पोरांच्या मागे लागलेले. पोरांनी गणपतीनंतर उरलेलं सिमेंट काढलं आणि विचारलं, "सर, आकार कसा पाहिजे?" भूमितीच्या मास्तरला कुणी हे विचारू नये. सरांनी दोरी आणि खिळा घेऊन स्वतः आखून दिलं. नेमकं अर्धवर्तुळ. रस्त्यात अर्धं पिंप गाडल्यासारखं दिसायचं. सायकलवालेही उतरून सायकल उचलून न्यायचे. सरांना त्याचा कोण अभिमान.

ललितापंचमीला सकाळी अकराला आम्ही निघालो. काकू हिरवी काठापदराची साडी नेसलेल्या, मांडीवर खणानारळाची ओटी, मुठीत आवळासुपारी. त्या गाडीत बसल्या नाहीत, गाडीत पडल्या. धप्प आवाज आला. "बसले," म्हणाल्या. "आता देवीसमोरच उठेन." गाडीत दोनच सीटा, म्हणून मी मागून माझ्या मोपेडवर. गल्लीतली झाडून सगळी माणसं दारात.

सरांनी गतिरोधकापाशी गाडी अगदी हळू नेली. पुढची चाकं चढली. पुढची चाकं उतरली, म्हणजे उतरायला गेली, तेवढ्यात खालून खर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी पोटावर बसली. चारही चाकं अधांतरी. काकू ओटी सावरायला पुढे वाकल्या तर गाडीचं नाक खाली गेलं. घाबरून मागे रेलल्या तर शेपूट खाली गेली. पुढे, मागे. सी-सॉच.

सर दरवाजा उघडून बाहेर आले. मला वाटलं रडतील. त्यांनी खिशातून खडू काढला आणि गाडीच्या दारावर, गतिरोधकाच्या बरोबर वर, एक फुली मारली. "सापडला," म्हणाले. "बावीस वर्षं पोरांना शिकवला, आज प्रत्यक्ष भेटला. इथे आहे बघा. इथे." त्या फुलीवर त्यांनी हात फिरवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांच्या ध्यानात आलं की गाडी अडकलीय.

उपाय समोर दिसत होता. काकू उतरल्या असत्या तर गाडी हलकी झाली असती, चार पोरांनी उचलून पलीकडे ठेवली असती. पण काकू उतरल्या की गाडी भंगारात. माझ्या तोंडावर आलेलं, "काकू, जरा दोन मिनिटं," आणि सरांनी माझं मनगट धरलं. "म्हणू नका," हळूच म्हणाले. खरं सांगतो, तोवर मी त्या माणसाला चक्रम समजून मनातल्या मनात हसत आलेलो. त्या क्षणी मला हसू आलं नाही.

भंगारवालाही आलेला, कोपऱ्यावर हातगाडी लावून उभा. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, दारावरच्या फुलीकडे बघितलं. त्यांना फक्त पाय बाहेर टाकायचा होता, अंगण मोकळं झालं असतं.

"माझे पाट आणा," काकू म्हणाल्या.

"काय?"

"पाट रे, पाट. स्वयंपाकघरात भिंतीला लावून ठेवलेत. आठ आहेत. त्या ढोल्या उंचवट्याच्या अलीकडे तीन, पलीकडे पाच असे मांडा चाकाखाली. आणि पोरांनो, मागून उचला थोडं. बघत काय बसलात, पंगतीला आलायत का?"

टेबलाचे पाय कापल्यापासून त्या घरात पाटावरच जेवण व्हायचं, त्यामुळे पाट भक्कम, सागवानी. आम्ही चाकाखाली पाट सरकवले आणि आमची लाल भवानी टकटक वाजत, नव्या सुनेसारखी एकेका पाटावर पाय देत पलीकडे उतरली. काकू जागच्या हलल्या नाहीत. भंगारवाल्याने हातगाडी वळवली.

पुढचा प्रवास मी तेव्हा कुणाला फारसा सांगितला नाही, कारण माझं लग्न ठरायचं होतं. मोपेडच्या मागे आठ पाट दोरीने बांधलेले. प्रत्येक गतिरोधकाला मी पुढे जायचं, पाट मांडायचे, गाडी जाऊ द्यायची, पाट गोळा करायचे, परत पुढे पळायचं. खड्डा आला तरी तेच. शीळ फाट्याच्या पुढे एका गावात मी रस्त्यावर पाट मांडत होतो, तर ओट्यावरच्या आजोबांनी विचारलं, "पंगत कुणाची रं?"

"गाडी येतेय," मी म्हटलं.

आजोबांनी बघितलं. खडूची फुली मारलेली, जमिनीला लागलेली लाल गाडी, आत ओटी घेऊन बसलेली बाई, शेजारी चष्मेवाला मास्तर, आणि गाडी पाटावरून चाललीय. त्यांनी काही न विचारता हात जोडले. मुंब्र्याला तर पोरंच पाट मांडायला पुढे आली, मला पाणी पाजलं. कळव्याच्या पुलावर सरांनी मान बाहेर काढून विजयाने ओरडून सांगितलं, "उलटी नाही. एकही नाही. गुरुत्वमध्य." आता ताशी सात किलोमीटरने बैलगाडीतही कुणाला उलटी होत नाही. काकूंची आवळासुपारी मुठीतच राहिलेली आणि त्या खाडीकडे बघत होत्या. किती वर्षांनी बघत होत्या कुणास ठाऊक.

तीनच्या सुमारास टेंभी नाका आला. मांडव, तोरणं, बायकांची ही रांग. एका स्वयंसेवकाने गाडी आत घ्यायला नाही म्हटलं, मग गाडी बघून "बरं, घ्या" म्हणाला. सरांनी खाली उतरून, कोट झटकून, काकूंच्या बाजूचा दरवाजा उघडला. राजवाड्यासमोर उघडावा तसा.

काकूंनी एक पाय बाहेर काढला. दुसरा काढला. मग हुश्श करून पुढे झाल्या आणि परत धप्प.

परत प्रयत्न केला. परत धप्प.

मी हात दिला, सरांनी दुसरा हात दिला. सीट जमिनीपासून वीतभर. गुडघे छातीशी. उठायला जोर लावायचा तर कशावर लावायचा?

"थांबा रे, ओढू नका," काकू म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. सरांकडे बघून सरळ आवाजात म्हणाल्या, "घरी ओट्याची कड धरते. मग खिडकीचा गज धरते. मग देवाचं नाव घेते आणि उठते. इथे गज नाहीये."

"घरी?" सर म्हणाले.

"मग काय. तुमच्या त्या खुर्च्या, तो पलंग. पलंगावरून सकाळी उठायला मला अर्धा तास लागतो."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही तेव्हा शाळेत असता."

सर तसेच वाकून उभे राहिले, काकूंचा हात हातात घेऊन. जगातल्या प्रत्येक वस्तूचा गुरुत्वमध्य काढणारा माणूस, आणि बायकोला रोज उठताना किती कष्ट पडतात हे त्याच्या वहीत कुठे नव्हतं. मी पाटांची दोरी सोडल्यासारखं केलं आणि परत बांधली.

शेवटी स्वयंसेवकांनीच तोड काढली. "मावशी, बसूनच घ्या दर्शन," म्हणाले, आणि काकूंसकट गाडी ढकलत अगदी मांडवासमोर नेली. काकूंनी देवीकडे मान वर करून बघितलं आणि रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. त्यांची ओटी एका पोरीने देवीपाशी नेऊन दिली.

एवढ्यात मागून एक बाई आली. तिने बघितलं, हिरव्या साडीतली बाई, लाल वाहनात विराजमान, आजूबाजूला सेवेकरी. तिने पायाला हात लावायला बघितलं, पाय खोल कुठेतरी गाडीत, म्हणून बॉनेटला हात लावून डोक्याला लावला. तिचं बघून दुसरीने लावला. मग रांगच लागली. कुणीतरी स्काउटच्या बिल्ल्यावर कुंकू लावलं. काकू आधी "अहो नको, अहो मी नाही" करत होत्या. पाचव्या-सहाव्या बाईला त्यांनी आशीर्वाद दिला, "सुखी राहा. आणि खाली बसू नकोस गं बाई कधी."

परतीच्या वाटेवर दोघांचं जे भांडण जुंपलं, ते मी पाट मांडताना तुकड्या-तुकड्यांत ऐकलं.

"मी हरलो," सर म्हणत होते. "तू देवीसमोर उतरणार होतीस. उतरू शकली नाहीस. गाडी भंगारात."

"मी म्हणाले मध्ये उतरणार नाही. उतरले का? उलटी झाली का? मग? जिंकलात तुम्ही."

"हे उत्तर चूक आहे."

"तुमचं चूक आहे. माझी अट, मला माहीत."

मुंब्र्याला सरांनी मला विचारलं, "तुम्ही सांगा, कोण जिंकलं?" मला संध्याकाळी त्याच घरात जेवायचं होतं. मी पाट बांधण्यात मग्न राहिलो.

गाडी भंगारात गेली नाही. पण सर पुन्हा तिच्यात बसलेही नाहीत. रविवारचं "उत्तम"ही बंद झालं. पुढे माझं लग्न झालं, मी ठाकुर्लीला जागा घेतली, ट्रंक पडवीतून थेट तिकडे गेली. जाताना सरांनी वहीतलं माझं नाव खोडलं आणि शेजारी नवं वजन विचारून लिहून ठेवलं.

नव्वदनंतरची गोष्ट. मुलीच्या बारशाचं सांगायला गेलेलो. अंगणात गाडी होती, पण एका बाजूला कलंडलेली. पुढचं एक चाकच नव्हतं आणि तो कोपरा विटांवर टेकवलेला. विटांमुळे तिथे तेवढी उंची आलेली, आणि त्या फटीत एक पिवळी मांजर झोपलेली. पहिलीची नात असेल.

"सर, गाडीला काय झालं?"

"एक पाय काढला," सर म्हणाले. निवृत्त झालेले, पिशवीचा पट्टा तेवढाच लांब. "या आत."

आत सगळं होतं तसंच. बिनपायांचं टेबल, जमिनीला लागलेला पलंग, बसक्या तीन खुर्च्या. आणि मधोमध एका पुऱ्या उंचीच्या खुर्चीत काकू. आम्हा सगळ्यांच्या वर. मी खाली वाकून बघितलं. तीन पाय शिसवी, सांध्याला चुका मारून जोडलेले. चौथा लोखंडी. नळी, तिच्याभोवती स्प्रिंग, आणि मधे वेल्डिंगची जाड रेघ.

"काकू, पाय तर बंबात घातलेले ना?"

"घातलेच. खुर्च्यांचे सोळा होते. रोज एक घालायची रागाने. तेरा झाले आणि राग संपला. तीन ठेवून दिले पिठाच्या डब्यामागे. म्हटलं, कधीतरी मागायला येतील."

"मी मागायला गेलो," सर पाटावर बसत म्हणाले, "तर एक कमी. मग गाडीचा काढला. आता योग बघा. कापला नसता तर खुर्चीला उंच झाला असता. साठ मिलिमीटरच कापला असता तरी उंच झाला असता. तांडेलच्या चार बोटांनी बरोब्बर बसला. मोजून बघा हवं तर."

"बाकीचे तीन कुरकुरतात," काकू म्हणाल्या. "हा नाही."

मग त्या म्हणाल्या, "चहा टाकते." दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि उठल्या. ओटा नाही, गज नाही, देवाचं नाव नाही. नुसत्या उठल्या आणि आत गेल्या.

सर खाली पाटावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत?"

मी म्हटलं, "बघितलं, सर."